धाकटीच्या टाकीतली लाल साय

मामंजी, तुम्ही असता तर माझ्याकडे बघून म्हणाला असता, "थोरले, तोंडाचं कारलं झालंय तुझं." झालंय खरं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आम्हा दोघी जावांचे केस पिकले, तरी तुमच्या धाकट्या सुनेचं नाव निघालं की माझ्या पोटात मिरची पडते. आणि ती मिरची तुमच्याच हातची आहे.

राजारामपुरीतल्या आपल्या शोभेच्या माशांच्या दुकानात मी नवी सून म्हणून आले, तेव्हा तुम्ही माझ्या हातात रबरी नळी दिलीत. टाकीच्या तळातली घाण कशी ओढायची, किती पाणी काढायचं, काच कुठल्या फडक्यानं पुसायची, सगळं शिकवलंत. मी शिकले. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणायचा, "थोरलीचं काम चोख हाय." मी त्यावर खूश होते. मग धाकटी आली. पहिल्याच दिवशी तिनं सहज पाण्यात बोट बुडवलं आणि सगळे गोल्डफिश त्या बोटाला येऊन लुचू लागले. तुम्ही शेजारच्या शिंप्याला हाक मारून बोलावलंत. "बगा की पावणं, हिच्या हाताला गुण हाय." मी बाजूला भरलेली बादली घेऊन उभी होते. चोख तर वजनकाटासुद्धा असतो, मामंजी. गुण म्हणजे निराळं काहीतरी, ते मला कळत होतं.

उतारवयात तुम्ही खाऱ्या पाण्याची टाकी केलीत. आपल्या गल्लीत कुणी समुद्र पाहिला नव्हता, आणि तुम्ही मीठ कालवून तो दुकानात आणलात. बटणांसारखी मऊ पोवळी दगडावर लावलीत, ती फुलली की तुम्ही चहा विसरायचा. वाटण्या झाल्या तेव्हा दुकान आम्हाला दिलंत आणि ती टाकी धाकटीला. दुकानावर माझा संसार चालला, नाही म्हणणार नाही. पण मला टाकी हवी होती. त्या हट्टापायी मी मोबाइलवर बघून, पाणी बिघडवून, मासे मारून, पुन्हा उभी राहून खाऱ्या पाण्याचं सगळं शिकले. आता इचलकरंजीहून लोक मला विचारायला येतात. धाकटी मात्र कधी आली नव्हती. तिला गरजच पडली नव्हती.

यंदा तिचा फोन आला. "अक्का, दगडांवर लाल लाल कायतरी चढलंय. मामंजींची पोवळी मिटायला लागल्यात. जरा येता काय?" तुमच्या हातची म्हणावी अशी जिवंत गोष्ट आता ती पोवळीच उरली आहेत. मला वाईट वाटायला हवं होतं. रिक्षात बसले तेव्हा मी लग्नाला निघाल्यासारखी होते.

बघते तर टाकीत तांबडा गालिचा. धाकटी तारेची घासणी घेऊन दगड खरवडत बसलेली. "ह्यो बगा, ह्यो जांभळा थर. किती घासला तरी निघंना. ह्योच रोग असणार." मी तिच्या हातातनं घासणी काढून घेतली. "अगं बये, तो कडक जांभळा थर टाकीचं सौभाग्य आहे. ज्या दगडावर तो धरतो, त्यावर दुसऱ्या घाणीला जागा मिळत नाही. चोर सोडून तू पाहुण्यालाच बडवतेयस." मग तिला बोटानं दाखवलं. लाल शेवाळाचे प्रकार असतात. केसाळ शेवाळ दगडाला मूळ धरल्यासारखं चिकटतं, ओढलं तर तुटतं, पण सुटत नाही. हे तसं नव्हतं. बोट लावलं की तापल्या दुधावरच्या सायीसारखं अख्खं सुटून येत होतं, वर बारीक बुडबुडे, नाकाशी नेलं तर कुबट वास. लोक यालाही शेवाळच म्हणतात, पण हा शेवाळाच्याही आधी पृथ्वीवर आलेला बारीक जीव. पाण्यात खायला जास्त झालं आणि पाणी एका जागी थांबलं, की तो माजतो.

"किती वेळा घास घालतेस?" मी विचारलं.

"मी कुठं घालतीय? जो येईल त्यो घालतोय."

तेवढ्यात दूधवाला आला. धाकटीनं त्याच्या हातावर चिमूटभर खाद्य ठेवलं आणि त्यानं चप्पल काढून, देवाला फूल वाहावं तसं ते टाकीत सोडलं. त्यामागून शेजारीण आली, तिनंही सोडलं. हे आपल्या दुकानातलंच, मामंजी. आल्यागेल्याला उपाशी माशाच्या तोंडात घास घालायला लावायचं, ही तुमची रीत. दुकानातल्या मोठ्या टाकीत ती खपून गेली. इथं या मूठभर समुद्राला कोल्हापुरी पाहुणचार बाधला होता.

माझ्या जिभेवर आलंच. "जादा खत पडलं की तण माजणारच. तुझ्या गुणाच्या हातानंच हे झालंय." किती वर्षं हे वाक्य माझ्या पोटात शिजत होतं. धाकटीनं फडकं उचलून काच पुसायला घेतली. मग हळूच म्हणाली, "गुण, गुण. मामंजींनी मला दुकानाची किल्ली एकदा तरी दिली काय? तुमच्या कमरंला असायची. मी आतल्या खोलीत बसून रडायची."

मला हे माहीत नव्हतं. ऐकून माझा जळफळाट शमला असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. किल्ली काय, कुलपालाही मिळते; गुण मिळत नाही.

तरी कामाला लागले. नळीनं साय ओढून काढली, जांभळ्या थराला धक्का लागू दिला नाही. नळाचं पाणी बंद करून आरओच्या पाण्यात मीठ कालवून थोडं थोडं बदललं. पंपाचं तोंड पाणी जिथं थांबलं होतं त्या मेलेल्या कोपऱ्याकडे वळवलं, दिव्याचे तास कमी केले. तिचा लेक म्हणाला, औषध मिळतं, टाका आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, औषधानं आजची साय जाईल, पण पाण्यातलं खायला तसंच राहिलं तर ती उद्या परत येईल. माशांना उपास घडवा. खाद्याचा डबा मी कपाटावर ठेवला आणि पाहुण्यांना चहा द्यायला सांगितलं. पुढच्या खेपेला साय आली, पण विरळ. मग आणखी विरळ. आता तुमची पोवळी पुन्हा उघडली आहेत, अगदी काठापर्यंत.

धाकटी रिकामं बोट बुडवते, तरी नारिंगी जोकर मासा येऊन तिच्या बोटाला घासतो. मी बुडवलं की दगडामागे जातो.

हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. काल धाकटी चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी कपाटावरचा डबा काढला. चिमूटभरच घेतलं, बोटाला लावलं आणि बोट पाण्यात धरलं. मासा आला.