अंतराचं बाळंतपण आणि माझी कंबर

७ जानेवारी, मंगळवार

केर काढायला वाकले ती वाकलेलीच! यांनी धरून पलंगावर आणलं. डॉक्टर म्हणाले, मणका झिजलाय. ऑपरेशन नको, पण दुखणं थोडंफार राहणार.

राहणार! आणि अंतराला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच, संक्रांत झाली की लेकीला आणायचं ठरलेलं. संध्याकाळी सासरहून, घनसावंगीहून तिचाच फोन; यांनी कळवलं असणार. "आई, कंबर कशी आहे?" म्हटलं, एकदम बरी! उभ्यानंच बोलले. बसता कुठं येत होतं?

८ जानेवारी

डॉक्टरांनीच पाठवलं म्हणून गावातच मस्तगडला शैलाताईंकडे गेले. रिटायर नर्स आहेत. घरातच पाच-सहा बायकांना ध्यान शिकवतात. डोळे मिटून आपल्या श्वासाकडे बघायचं, मग जिथं दुखतं तिथं लक्ष न्यायचं. दुखणं घालवायचं नाही, नुसतं बघायचं! फी नाही म्हणून गेले, खरं तेच लिहिते.

घरी आले तर हे म्हणतात, "डोळे मिटून कंबर बरी झाली असती तर बगळा पैलवान झाला असता!" हसायला गेले आणि उसण भरली.

११ जानेवारी

देवाचं नाव न घेता डोळे मिटायचे, हे काही मनाला पटेना. आज शैलाताईंना विचारलंच. "नाव घ्या की! फक्त मागू नका."

घरी देव्हाऱ्यापुढं खुर्ची ठेवून बसले. अंबडची मत्स्योदरी आमची कुलस्वामिनी. माते, म्हटलं — आणि पुढचं "कंबर बरी कर" जिभेवर आलंच! आत ढकललं. परत आलं. परत ढकललं. न मागता देवीपुढं बसायची सवयच नाही मला. थोड्या वेळानं वाटलं, देवीही आज जरा निवांत बसली असेल.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या म्हणायला अंतराला फोन केला. तर म्हणते, "आई, मी इथंच राहते. सासूबाई करतील सगळं."

"का गं? मी बरी आहे म्हटलं ना!"

"हो. माहितेय."

एवढंच! विहीणबाईंनी कान भरले असणार. आता गल्लीत बायका विचारतील, लेक नाही आणली का? काय सांगू?

१५ जानेवारी

बसले नाही. कशाचं ध्यान नि कशाचं काय!

१७ जानेवारी, संकष्टी

चंद्रोदयाला वेळ होता. उपासाच्या पोटी बसले. कंबरेत डावीकडं दुखत होतं, नेहमीसारखं सगळ्या पाठीत पसरल्यागत. बघत राहिले. बघता बघता कळलं, खरं दुखणं तर पुरीएवढंच आहे! मग बाकीचं काय होतं? उद्या उठता येईल का, अंतरा येईल का, लोक काय म्हणतील — सगळं हेच. आणि दुखतंय हे कुणाला कळू नये म्हणून अंग आवळून धरलेलं, ते वेगळंच.

पुरी गेली नाही. पण तेवढीच राहिली.

२० जानेवारी

भाकरी थापताना कळ आली. एरवी दात आवळून पुढची थापली असती. आज थांबले. ओट्याला धरून खांदे सोडले, श्वास घेतला. कळ आली, चढली, उतरली. मग यांना हाक मारली — दुखतंय, राहिलेल्या तुम्ही थापा.

असं आजवर कधी म्हटलंच नव्हतं!  हे बाह्या सारून लागले कामाला. पहिली भाकरी तव्यावर जायच्या आत तिच्या दोन झाल्या! "खायला एकच लागती का दोन, चव तर तीच!" म्हणतात.

झोप छान लागली.

२२ जानेवारी, बुधवार

आज बसून उठले ती सरळ फोनकडं. अंतराला सगळं सांगून टाकलं. कंबर दुखती. पुढंही दुखणार. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणं माझ्याच्यानं होणार न्हाई, शेजारच्या केशरबाई घालतील. डिंकाचे लाडू मी बसून वळीन. रात्री बाळ रडलं तर तुझे बाबा उठतील. जमेल तेवढं मी, बाकी मागून घेऊ. आता तू ठरव.

ती एवढंच म्हणाली, "बरं आई, ठेवते."

गेलं! होती नव्हती ती आशा माझ्याच तोंडानं घालवली. रडू आलं, तेही आवरलं नाही. पण छातीवरचं ओझं उतरलं, हेही खरं. हे म्हणाले, "मला न विचारता माझी रात्रपाळी लावून मोकळी झालीस?" आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

२३ जानेवारी

दुपारी दारात रिक्षा थांबली. अंतरा! मागं जावई निखिलराव, दोन्ही हातांत बॅगा. भाकरतुकडा ओवाळला. म्हटलं, सासूबाईंनी पाठवलं कसं?

"त्या तर कधीपासून जा म्हणून राह्यल्या. मीच येत नव्हते. तू 'एकदम बरी' म्हणायचीस ना, मला भ्याव वाटायचं — मरमर करशील अन् मला कळूपण देणार न्हाईस. काल दुखतंय म्हणालीस, मंग बॅग भरली."