काठवटीला करडईचं तेल

मंगळवार, नांदेड. संध्याकाळ.

आज परत संग्रहालयात गेले. कादंबरीसाठी जाते, असं सगळ्यांना सांगते. खरं तर आईची काठवट बघायला जाते. भाकरी थापायची ती लाकडी काठवट. आई गेल्यावर फ्लॅटमध्ये अडचण नको म्हणून मीच ती संग्रहालयाला देऊन टाकली. आता ती दोरीपलीकडे असते आणि हात लावायची मनाई मलाही आहे.

आज तिला करडईच्या तेलाचा वास येत होता. गावी, देवणीला, आई काठवटीला चोळायची, तसा अगदी ताजा. इतक्या वर्षांनी? भास होतोय का मला?

वाकून हुंगत होते, तेवढ्यात तिथं राखणीला असलेल्या सुलोचनाबाई आल्या. वाटलं, आता ओरडतात. पण त्या हळूच म्हणाल्या, "सायबाला सांगू नका ताई. सोमवारी बंद राहतं, तवा मीच तेल लावून राहिले. कोरडं लाकूड तडकतंय."

"पण एवढ्या सगळ्या वस्तूंत हिलाच का?"

"माझ्या मायची अश्शीच होती. माय गेली अन् आम्ही ती चुलीत घातली."

आईवर चाळीस पानं लिहून झालीत, एकाही पानाला तो वास नाही. सुलोचनाबाईंच्या तळहातांना मात्र असणार. मी लांबूनच नमस्कार करून निघाले. त्यांचे हात हातात घेतले असते तर काय बिघडलं असतं?