पेटीत काय न्याल?

४ फेब्रुवारी, सोमवार
— म्हणे गोऱ्यांनी आपापले देश का सोडले! मला काय करायचंय? दुकानातले शर्ट पडलेत काजांवाचून, आणि ही आमची पोरगी मला विद्यार्थी करून इतिहास शिकवतेय. शुक्रवारी शाळेत तिचा पाठ बघणार आहेत. जमला तर मास्तरीण, नाहीतर बसा घरी. म्हणून सराव आमच्यावर! हेसुद्धा बसले माझ्या शेजारी, हाताची घडी घालून. शहाणं बाळ!

५ फेब्रुवारी
उपासमार, लढाया, देवाधर्मावरून छळ. आणि जमीन! कुठे कुठे म्हणे सगळी थोरल्याला, धाकट्याला ठेंगा. "म्हणून धाकटे जहाजात बसले," पोरगी म्हणाली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पालीकडे.

दुकान सासऱ्यांचं. पाटी थोरल्या भाऊजींची. मापं घेणार हे, कापणार हे, शिवणार हे, आणि गिऱ्हाइकासमोर भाऊजी म्हणणार, "हा आमचा कारागीर." अहो, सख्खा भाऊ ना तो!

६ फेब्रुवारी
आज खेळ. तुम्ही देश सोडून निघालात, एकच पेटी, काय न्याल?

मी म्हटलं, माझी शिलाई मशीन.

"आई, तेव्हा मशीन नव्हती गं!"

"मग मी नाही येत, जा!"

पोरगी हसून लोळली. ह्यांना विचारलं. हळूच म्हणाले, "कात्री. माझी मोठी."

दुकानात ह्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एकच वस्तू. रोज संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी आणतात.

म्हणजे निघायचं डोक्यात आहे तर माणसाच्या!

७ फेब्रुवारी
पुलापलीकडच्या बाजारात एक गाळा रिकामा आहे. बघून आले. सहज!

८ फेब्रुवारी
पोरगी पास! मास्तरीण झाली माझी बाई. पण मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, जे गेलेच नाहीत त्यांचं काय झालं?" आमच्या बाई घंटा होईपर्यंत फळा पुसत राहिल्या.

मला विचारायचं! ते थोरल्याच्या शर्टांना काजं करत बसले, दुसरं काय.

जेवताना तसं म्हटलंच मी, गाळ्याचंही काढलं. हे म्हणाले, "दादाला काय वाटेल?"

दादाला! कधीतरी विचारा, तुम्हाला काय वाटतं ते.

११ फेब्रुवारी
गाळा भाड्यानं घेतला. माझ्या नावावर. किल्ली ह्यांच्या कात्रीला बांधून ठेवली आणि सांगून टाकलं — मशीन माझ्या माहेरची आहे, रविवारी ती पुलापलीकडे हलणार, तिच्याबरोबर मी. तुम्ही येणार की नाही ते शनिवारी दिवेलागणीपर्यंत सांगा. आणि "बघू" हे उत्तर नाही!