एक तक्रार जास्तीची

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखर वाकलो तर कंबर तिथेच राहते, म्हणून हा कागदावरचाच गोड मानून घे.) दाजींचे गुडघे काय म्हणतात? तुझा खोकला गेला असेल अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे. फक्त मी इकडे आहे याचा पुरावा नाही.

झालं असं, की माझ्या आरीच्या आवाजाने अकरा वर्षं ज्यांचं डोकं उठलंय ते शेजारचे मास्तर यंदा आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभे आहेत. त्यांच्या पत्रकात पहिलंच वचन आहे : वस्तीत खडखडाट करणारे धंदे बंद. वस्तीत खडखडाट करणारा धंदा एकच, तुझ्या भावाचं सुतारकाम. तेव्हा देशासाठी नाही तरी पोटासाठी, जन्मात पहिल्यांदा मत द्यायचंच असं ठरवलं आणि दुकानाला (म्हणजे घरालाच) कुलूप लावून नाव नोंदवायला गेलो.

खिडकीतल्या बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. मी म्हटलं, हा काय, मीच समोर उभा आहे. त्या म्हणाल्या, उभं काय, माणूस कुठेही राहतो. (हे खरंच आहे.) आता विजेचं बिल येतं घरमालकाच्या दिवंगत आजोबांच्या नावाने, भाड्याचा करार तोंडी, आणि ओळखपत्र न् पासबुक दोन्हींवर पत्ता तुझा. ओळखपत्रावरचा पत्ता बदलायला पासबुक लागतं आणि पासबुकावरचा बदलायला ओळखपत्र. दोन दिवस मी या दोन खिडक्यांमध्ये घाण्याच्या बैलासारखा फिरलो. शेवटी बाईंनाच दया आली. सरकारी शिक्का आणि माझं नाव-पत्ता असलेला कुठलाही जुना कागद चालेल म्हणाल्या. दंडाची पावती, नोटीस, अगदी कोणी केलेली तक्रारसुद्धा. सरळ माणसाची इथेच पंचाईत होते, असं म्हणत दारापर्यंत आलो आणि थबकलो. मास्तर दर तीन महिन्यांनी माझ्याविरुद्ध नगरपालिकेत अर्ज देतात आणि शिक्क्याची प्रत जपून ठेवतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आता जायचं कोणत्या तोंडाने? अकरा वर्षांत आमचं संभाषण म्हणजे त्यांनी पलीकडून भिंत ठोकायची आणि मी अलीकडून खिळा. तरी गेलो, आणि मत त्यांच्याविरुद्ध द्यायचंय हेसुद्धा सांगून टाकलं. (मला वाकडं कापता येत नाही तसं वाकडं बोलताही येत नाही. दाजी यावर हसतील, हसू देत.) मास्तरांनी सावकाश चष्मा पुसला. दार आता नाकावर आपटणार म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो, तर ते आत जाऊन जाडजूड फाइल घेऊन आले. पंचेचाळीस तक्रारी, तारीखवार, अनुक्रमणिकेसह. एवढ्या वर्षांत नगरपालिकेने एकीचंही उत्तर दिलेलं नाही. आपणहून वाचायला मागणारा मीच पहिला, म्हणून त्यांनी मला चहासुद्धा पाजला. फाइल हातात देताना म्हणाले,

"कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. मत गुप्त असतं. आरी गुप्त नसते, एवढंच माझं म्हणणं आहे."

बाईंनी पहिली आणि शेवटची तक्रार वाचली. पहिलीत मी 'सडपातळ इसम' आहे, शेवटचीत 'स्थूल इसम', त्यामुळे पत्त्याबरोबर ओळखही पटली. एखाद्या भाडेकरूचं वास्तव्य इतक्या निष्ठेने नोंदलेलं त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं म्हणे. अर्ज घेतला.

दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. अर्ज घेतला, पण अडकला. माझं नाव तुमच्या वस्तीच्या यादीत निघालं. दाजींनी कधीकाळी घातलेलं. तेव्हा मी तुझ्याकडे राहत नाही असं दोन ओळींचं पत्र सही करून शुक्रवारच्या आत इथे पोचेल असं पाठव. मुदत तेवढीच आहे. (का राहत नाही ते लिहू नकोस. मी केलेलं कपाट दाजींच्या पायावर पडलं ही गोष्ट सरकारदप्तरी नको.)

आणखी ता. क. फाइल परत करण्याआधी सगळी चाळली. अकरा वर्षं, तीन महिन्यांनी एक, म्हणजे चव्वेचाळीस व्हायला हव्यात. जास्तीची निघाली ती मला मुदतीचा ताप आला होता त्या वर्षीची. 'गेले नऊ दिवस सदर इसमाच्या घरातून आरीचा आवाज येत नाही. तरी तातडीने चौकशी व्हावी.' खाली सही, शिक्का. ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी आहे की नाही हे त्या नऊ दिवसांत दुसऱ्या कोणीच विचारलं नव्हतं. (तुला बोल लावत नाही. तुला मी कळवलंच नव्हतं.)

शेवटचं ता. क. पत्राची एवढी घाई करू नकोस. टपाल आहे, मागेपुढे होतंच. शनिवारी पोचलं तरी चालेल.