एक ओळ चुकली

रत्नागिरी, सप्टेंबर २००३, मंगळवार संध्याकाळ

कानात अजून वाराच घोंघावतोय. मच्छीमार संस्थेत मी आणि शबाना दोन संगणकांवर एकच तक्ता भरतो. वाऱ्यात अडकलेल्यांपैकी कुठली होडी परतली, त्याचा. दुपारी 'नूर'पुढे 'आली' दिसलं. मी लगेच नाटे गावी जुलेखाभाभीला फोन केला. तिचा नवरा 'नूर'वर तांडेल, होडीचा प्रमुख. ती रडली, हसली, म्हणाली, "भात टाकते."

मग बंदरावरून कळलं, आलीय ती 'सलमा'. खालचीच ओळ! मी शबानावर उखडले, "काय लिहितेस तू?" तिने पडद्यावर 'नूर'पुढच्या निळ्या चौकटीवर माऊस नेला. पिवळी चिठ्ठी उघडली. बदल कुणी केला, किती वाजता. नाव माझं.

घाईत मीच लिहिलं, आणि मीच वाचून हरखले?

पुन्हा फोन केला. चूक माझी, म्हटलं. भाभी म्हणाली, "भात झालाय. झाकून ठेवते."

तो झाकलेला भात डोळ्यांसमोरून हलेना. खिडकीबाहेर समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगात, मधली रेघच नाही. त्यात कुठेतरी ती होडी. मी नुसती बघत राहिले.

सहाच्या सुमारास दाभोळहून फोन. 'नूर' खाडीत शिरली, सगळे सुखरूप.

"भाभी, आली."

"नीट बघून सांगतेस ना, बाय?"

शबानाने ओळीवर बोट ठेवलं. मी होडीचं नाव वाचलं, मग तांडेलाचं, मग एकेका खलाशाचं. भाभी प्रत्येक नावाला "हां" म्हणत राहिली.