सूप विकाले ठेवलं, लोक प्याले आले

धाकट्या कौसल्येले रुखमाबाईचा राळेगावाहून आशीर्वाद.

तुह्या दोन्ही गुडघ्यांची चौकशी केली तर तू चार पानं लिहून पाठवशीन, म्हणून एकाचीच करते: डावा कसा हाये? तुह्या पंजाबरावाईले नमस्कार सांगजो. (नवे दात बसवल्यापासून ते मयतीतही हासून राह्यले असं ऐकलं. त्याईले म्हणा, दात दाखवाले दुसरी जागा पाहा.)

आता इकडलं ऐक. आमच्या गटातल्या सहा बाया बांबूची सुपं अन् टोपल्या विणते, हे तुले माहीत हाये. आजपर्यंत सारा माल ठोक व्यापाऱ्याच्या ओट्यावर नेऊन टाकत होतो, अन् तो हर सुपाले नाक मुरडून अर्धा भाव देत होता. माह्या नातीनं, वैष्णवीनं, फोनवर दुकान उघडलं. वच्छलाबाई गटाची अध्यक्ष (पद मिळाल्यापासून तिले खाली बसता येत नाही, खुर्चीच लागते). तिनं अट टाकली का या महिन्यात पंचवीस सुपं गेली तर ठीक, नाही तर दुकान बंद अन् पुन्हा तोच ओटा. मले त्या ओट्यावर जाचं नाही. त्यापरीस बांबू चुलीत घालीन.

दुकान लोकाईले दिसावं म्हणून पोरीनं जाहिरात लावली. त्यात असं हाये बाई, का कोणी फोनवर "सूप" लिहून शोधलं तर आपली जाहिरात वर येते. पाहणं फुकट, पर त्यानं बोट टेकवलं का आपले सात रुपये गेले. बाजारात गिऱ्हाईक टोपलीले हात लावून निघून गेलं तर आपण मनातल्या मनात शिव्या देतो. इथं त्यानं हात लावला म्हणून आपणच पैसे भराचे! पहिल्या दहा दिवसांत बोटं पडले तीनशे अन् सुपं गेली शून्य. दिवसाचे ठरवलेले पैसे दुपारच्या आत सरत, अन् मंग जाहिरात झोपत होती.

काहून ते मले एका फोनवरून समजलं. पुण्याचा कोणी बाप्या होता, लय गोड बोलला. म्हणे, आजी, एका सुपात किती जणांचं भागतं? म्या म्हटलं, घरात कितीही असो, एक पुरते. म्हणे, त्यात मका असतो का? म्या म्हटलं, मका, तूर, ज्वारी, जे टाकशीन ते चालते. तो खूष. म्हणे, गरम येईल ना? म्या म्हटलं, उन्हात ठेवजो, होते गरम. तवा त्यानं विचारलं, प्यायला वाटी तुम्हीच देता का, अन् म्या फोनच ठेवला.

मंग वैष्णवीले बसवलं अन् लोक काय लिहून आपल्यावर येते ते एक एक वाचाले लावलं. टमाट्याचं सूप, सर्दीवरचं सूप, पोट कमी कराचं सूप! त्यात या पोरीनं (यवतमाळले शिकली, म्हणून जास्तच) जाहिरातीत चारशे शब्द कोंबले होते, अकरा गठ्ठे करून. कोणता शब्द कोणत्या गठ्ठ्यात हाये ते तिलेच सापडेना. म्या म्हटलं, बाई, पाखडाले बस. ती वाचत गेली, मी ठेव नाही तर फेक म्हणत गेली. चारशाचे नऊ राह्यले, अकराचे दोन गठ्ठे: एक सुपाचा, एक टोपलीचा. नुसतं "सूप" काढलं, "बांबूचं सूप" अन् "धान्य पाखडाचं सूप" ठेवलं. टमाटे, सर्दी, गरम, वाटी असं कोणी लिहिलं तर जाहिरात दाखवूच नको, असंही त्यात लिहिता येते. (हे आधी काहून नाही केलं विचारलं तर म्हणते, आजी, डोक्यात नाही आलं. डोक्यात चारशे शब्द कोंबल्यावर येईन कसं?) अन् दर सोमवारी नवा कचरा निघाला का तेवढा काढाचा, रोज उठून उकराचं नाही.

बोटं एकदम कमी झाले. पोरगी रडवेली झाली, वच्छलाबाई खुर्चीतून उठली. पर सुपं जाऊ लागली. आजपावेतो चोवीस गेली! सगळं ठीक हाये, काही काळजी करू नको.

तुही,
रुखमा

ता. क. कोणत्या गावातून बोट पडलं तेही ते यंत्र दाखवते. ढाणकीहून रोज सकाळी आठ वाजता एक बोट पडून राह्यलं. ढाणकीत मले ओळखणारी तू एकटी हायेस. जाहिरातीत माहा फोटो हाये म्हणून पाहात असशीन, पर बहीण पाहाचे सात रुपये पडते वं! फोन कर, तो फुकट हाये. (आमच्या गावातूनही रोज चार बोटं पडत होते. ते कोणाचे ते विचारू नको. फोटो खरंच चांगला निघाला हाये.)

ता. क. आणखी एक. महिना शनिवारी सरते अन् मोजणीत अजून एक सूप कमी हाये. वैष्णवी म्हणते, ढाणकी गावच जाहिरातीतून काढून टाकू. म्या म्हटलं, थांब, ते माही बहीण हाये. आधी गिऱ्हाईक करून पाहू. तवा पत्र मिळालं का शनिवारच्या आत सकाळी आठ वाजता शेवटचं बोट टेकव, खाली जा, अन् "विकत घ्या" लिहिलं हाये तिथं दाब. पैसे पंजाबरावाईले मागजो, हासतच देतीन.