गोदामाच्या दारावरची पाटी

नाना, आज खंडेनवमी. सकाळी मिलमधल्या सगळ्या यंत्रांना हार घातले, वजनकाट्याला हळदकुंकू लावलं, बॉयलरपुढे नारळ फोडला. गोदामाच्या दारावरच्या बँकेच्या पाटीसाठी आणलेला हार मात्र माझ्या हातातच राहिला. तो आता तुमच्या टेबलावर पडलाय आणि मी त्याच्या शेजारी कागद ओढून बसलेय. बाहेर कामगारांना पेढे वाटणं चाललंय. पेढे जालन्याहून आलेत, आपल्या नव्या भागीदाराने आणलेत. हो, मिलमध्ये भागीदार आलाय. तुम्ही जन्मभर जे होऊ दिलं नाही ते मी करून बसले, आणि ते का करावं लागलं हे सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून आधी तुमच्याच काळातलं आठवत बसते.

त्या पाटीला हार घालायचा मान तुमचा असायचा. पांढरा पत्रा, त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘या गोदामातील सर्व माल बँकेकडे तारण आहे.’ मी झेंडूची टोपली धरून तुमच्या मागे फिरायचे. एका खंडेनवमीला मी विचारलं होतं, “नाना, बँकेला कशाला हार?” तुम्ही स्टुलावर उभे, दातांत दोरा. “मंग कोणाला घालू? ही सरकी कोणाच्या पैशानं आली?” म्हणालात. मग खाली उतरून, धोतराला हात पुसत तुम्ही मला अख्खी मिल कशी चालते ते सांगितलंत. “हे बघ माय, कापूस दिवाळीला येतो. सरकी निघते ती होळीपस्तोर. तवाच घ्यावी लागते, मंग भाव चढतो. अन् मिल तर बारा महिने चालली पायजे. एवढा पैसा एकदम आपल्यापाशी न्हाई, तो बँक देते. माल आपल्या गोदामात, किल्ली आपल्या कमरेला, पण नजर बँकेची. तेल इकलं, उरल्या चोथ्याची ढेप इकली, की पैसा तिकडं भरायचा.” मी गोदामात छतापर्यंत रचलेल्या थप्प्यांकडे बघितलं. “म्हंजे ही पोती आपली न्हाईत?” “फेडली की आपली,” तुम्ही म्हणालात आणि टोपलीतलं एक फूल माझ्या वेणीत खोचलंत. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. इतकी पोती, आणि आपली नाहीत.

जालन्याचे शेटजी आले होते तो दिवसही आठवतो. बैठकीत रिकाम्या पोत्यांचा बारदाना पडलेला, म्हणून तुम्ही त्यांना सरळ स्वयंपाकघरात आणून पाटावर बसवलंत. आई भाकरी थापत होती. शेटजींना मिलमध्ये निम्मा हिस्सा पाहिजे होता. त्या पैशात नवे एक्सपेलर आले असते, तेल दुप्पट निघालं असतं. तुम्ही त्यांच्या ताटात पिठलं वाढत म्हणालात, “शेटजी, बँकेचे पैशे फेडले की बँक तिच्या रस्त्यानं जाते. तुम्ही एकदा पाटावर बसले की मंग उठणार हाय का?” शेटजी माणूस दिलदार, ते हसले. “पण नाना, तोटा झाला तरी बँक व्याज मागते. मी नफ्यातच हिस्सा मागून राह्यलो. तोटा झाला तर तुमच्यासंग मी बी बुडतो.” “बराबर हाय तुमचं,” तुम्ही म्हणालात, “पण बुडलो तरी मालक म्हणून बुडंन.” आईने तव्यावरची भाकरी उलटली. “अन् आम्ही कोण म्हणून बुडायचं, ते बी सांगून टाका पाहुण्याला,” असं ती म्हणाली आणि शेटजींना ठसका लागला. पुढे मी औरंगाबादला कॉमर्सला गेले तेव्हा सरांनी फळ्यावर उभी रेघ मारून एकीकडे भागभांडवल आणि दुसरीकडे कर्ज असं लिहिलं. कर्जात मालकी शाबूत राहते पण हप्ता चुकवता येत नाही, हिस्सा विकला तर हप्ता नाही पण मालकी वाटली जाते. वर्ग वहीत उतरवून घेत होता. मला पिठल्याचा वास येत होता.

इतकं कळूनही मी त्याच वर्षी तो प्रकार केला. हॉस्टेलच्या दोन मैत्रिणी आपल्या परतूरला आल्या होत्या. ‘आमची मिल’ बघायला. मी महिनोन्महिने त्यांच्यापुढे मिलच्या फुशारक्या मारल्या होत्या आणि आता दारावरच ती पाटी. त्या यायच्या आधी मी गोदामाकडे पळाले आणि पाटीवर दोन रिकामी पोती अशी टाकली की वाळायला घातल्यासारखी दिसावीत. तुम्ही त्यांना मिल दाखवत दाखवत तिथवर आलात, पोती बघितलीत, माझ्याकडे बघितलंत. पोती काढून झटकलीत, घडी घातलीत. मग माझ्या मैत्रिणीला म्हणालात, “वाच बरं बाळ, काय लिवलंय? मोठ्यानं वाच, मशीनचा आवाज हाय.” तिने बिचारीने ओरडून वाचलं. “हे वाचल्याबिगर आमची मिल कळत न्हाई,” म्हणालात तुम्ही, आणि त्यांना शेंगदाण्याचे लाडू खायला घरी पाठवलंत. मला मागे ठेवून घेतलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही हळूच बोललात. “लाज वाटून राह्यली का तुला पाटीची? वाटू दे. पण पाटी झाकली म्हंजे माल आपला होत न्हाई.” मी सुट्टी संपेपर्यंत तुमच्याशी धड बोलले नाही. त्याची लाज वाटायला मला बरीच वर्षं लागली.

तुम्ही गेलात, मिल माझ्याकडे आली. चांगली चालवली मी, हे सांगायला हरकत नाही. निदान परवापरवापर्यंत. सरकीचं कच्चं तेल आपण दुसऱ्यांना विकायचो आणि ते साफ करून पिशव्यांत भरून कमवायचे. मी ठरवलं, आपणच शुद्ध करायचं. बँकेने प्लांटसाठी मुदतीचं कर्ज दिलं. मिलची जमीन, नवी यंत्रं, राहतं घर, सगळं तारण ठेवलं. माझ्या नवऱ्याने जामीनदार म्हणून सही करताना तेवढं विचारलं, “नीट बघितलंयस ना?” मी त्याला व्याजाची आकडेमोड समजावली, अगदी मास्तरणीसारखी. आणि प्लांट व्हायला उशीर झाला. खर्च अंदाजाबाहेर गेला, त्यात सरकी घ्यायला ठेवलेला पैसाही जिरला. हंगाम तोंडावर आला आणि सरकी घ्यायला हात रिकामे. बँक म्हणाली, आधी प्लांट चालू करून दाखवा, मग कर्जाची मर्यादा वाढवू. शेटजींच्या मुलाचा फोन आला होता तेव्हा. “ताई, मी पैसे टाकतो, मला हिस्सा द्या.” मी त्याला तुमचं पाटावर बसण्याचं वाक्य ऐकवलं आणि फोन ठेवला. किती ऐटीत ऐकवलं, नाना! आणि मग पुण्याच्या एका खासगी फायनान्स कंपनीकडून चढ्या व्याजाने कर्ज घेतलं. पटकन दिलं त्यांनी, आठवड्यात. तारण काय दिलं? गोदामातली उरलेली आणि नव्याने येणारी सरकी. तीच, जी बँकेकडे आधीच तारण होती. एकच थप्पी दोघांना दाखवली. तुमचं एक वाक्य पाळण्यासाठी मी तुमचं दुसरं वाक्य मोडलं, आणि त्या दिवसांत मला वाटायचं की मी तुमचा शब्द राखतेय.

फायनान्स कंपनीनेही आपली पाटी दिली, छोटीशी, पिवळी. त्यांचा माणूस माल बघायला यायचा तेव्हा आधी फोन करायचा. कामगार जेवायला बसले की मी पेचकस घेऊन जायचे, बँकेची पाटी काढायचे, पिवळी लावायचे. तो चहा पिऊन, थप्प्या मोजून गेला की पुन्हा बँकेची. तुमची पाटी तुम्ही जाड खिळ्यांनी ठोकली होती. ते खिळे मी उपटले आणि स्क्रू बसवले, काढायला सोपे. पहिल्यांदा दोन स्क्रू खाली पडून हरवले. नंतर एकही पडेना, आणि आता मला त्याचीच जास्त लाज वाटते. तुमच्या स्टुलावर उभं राहून मी हे करत होते.

बँकेत नवीन बाई मॅनेजर आल्या, नांदेडकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. उन्हाळ्यात एका सकाळी त्या न सांगता आल्या. गोदामात शिरताना त्यांनी हात उंचावून सहज पाटीला लावला आणि पाटी हलली. “ही हलते कशी, मॅडम? इतक्या जुन्या गोदामाची पाटी.” मी म्हणाले, “वाऱ्यानं सैल झाली असेल.” मग त्यांनी पाटीची एक बाजू धरून उचलली. मागे दारावरच्या भिंतीत दुसऱ्या, लहान पाटीची चार भोकं, आणि भोवती स्क्रूने उकरलेला चुना. “वारा पेचकस घेऊन येतो का इकडं?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि मला तुमचीच आठवण झाली. त्या गोदामातल्या पोत्यावर बसल्या, मलाही बसायला सांगितलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “उद्या स्वतः शाखेत या आणि हेच सगळं बोला. म्हणजे मला वर कळवताना ‘कर्जदाराने आपणहून सांगितलं’ असं म्हणता येईल. मिल चालू राहावी असं मलाही वाटतं, सत्तर घरं आहेत हिच्यावर. पण एका महिन्यात दुसरं कर्ज बंद झालं पाहिजे.” दुसऱ्या दिवशी मी गेले. महिन्याभरात एवढा पैसा फक्त एकाच घरातून येण्यासारखा होता. मी शेटजींच्या मुलाला फोन केला. त्याने मला माझं वाक्य परत ऐकवलं नाही, हा त्याचा मोठेपणा. निम्म्याहून थोडा कमी हिस्सा त्याच्या नावावर झाला आणि पिवळी पाटी कायमची गेली.

आज सकाळी पूजेला तो माझ्या शेजारी उभा होता. मी हार घेऊन पाटीकडे निघाले तर म्हणाला, “ताई, याला पण हार?” तेच, जे मी तुम्हाला विचारलं होतं. मी तोंड उघडायच्या आत आपले हमालचाचा बोलले. म्हातारे झालेत आता, थप्पीवर चढत नाहीत, पण या दिवशी येतात. “शेट, ही पाटी नानाची इज्जत हाय. अन् ताईनं बी ती राखली. कोणी विचारलं नव्हतं, खुद बँकेत चालून गेल्त्या, बोलल्या की माझी चूक झाली. नाना होते तर खुश झाले असते. बिलकुल बापावानी.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. भागीदारानेही हात जोडले. गावात असंच बोललं जातं, नाना. घरात आईचा फोटो पुसताना माझी मुलगीसुद्धा परवा असंच काही म्हणाली. मी आजपर्यंत कुणाला थांबवलेलं नाही. चाचांपुढे मी मान हलवली. पण हार घालायला हात वर जाईना, आणि फोन आल्याचं निमित्त करून मी इथं आत आले.

हा कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये टाकणार होते. पण त्याची एक किल्ली आता भागीदाराकडे असते, तेव्हा पर्समध्ये घालून घरी नेईन. हार संध्याकाळी घालीन, सगळे गेल्यावर. मी आपणहून गेले नव्हते, नाना. पकडले गेले होते, आणि पकडल्यावरही आधी वाऱ्याचं नाव घेतलं. हे चाचांना सांगायला हवं, ते बाहेरच बसलेत, दोन पावलांवर. मी सांगणार नाहीये.